मळणी मशीन ज्वारी फोडतंय, उरलेली भुसकटात जातीय – लवकर मदत हवी

जिरायती (सकाळी 7.40)
नमस्कार. कालपासून ज्वारीची मळणी लावलीय. मशीन दाणे फोडतंय, पोत्यात हात घातला की चुरीच हाताला लागतीय. जे फुटत नाहीत ते भुसकटाबरोबर उडून चाललेत, ढिगावर चिमण्यांची जत्रा भरलीय. मशीन वडिलांनी घेतलेलं, पंचवीसेक वर्षं झाली. मागच्या सालापर्यंत एक तक्रार नव्हती. सगळं जिथल्या तिथं आहे, काही बदललेलं नाही. नऊ वाजता बाया येतील, आणि आभाळ भरून यायला लागलंय. माहीत असेल त्याने पटकन सांगा.

तिवडा (7.52)
कुठली ज्वारी, किती वाळलीय, कशावर चालवताय, जाळी कुठल्या भोकाची? "मशीन फोडतंय" एवढ्यावर वैद्यसुद्धा औषध देत नाही ओ.

जिरायती (7.55)
मालदांडी. चांगली वाळलीय. बाकी नेहमीसारखंच.

नवं_रान (8.03)
भंगारात घाला ते. एकरावर पैसे देऊन हार्वेस्टर बोलवा, दोन तासांत रान मोकळं. 2000 सालच्या यंत्राला अजून किती दिवस तेल पाजणार?

जुनंतेसोनं (8.09)
हार्वेस्टरनं कडबा काय तुम्ही आणून देणार का? मालदांडी पुरुषभर उंच. ती हार्वेस्टरच्या तोंडी गेली की कडब्याचा चोथा. रब्बीला कडब्याचे पैसे कधी कधी ज्वारीपेक्षा जास्त होतात, हे पुण्यात बसून कळायचं नाही.

नवं_रान (8.11)
मी माढ्यात बसलोय.

जुनंतेसोनं (8.14)
मग तर जास्तच कळायला पाहिजे. असो. भाऊ, ट्रॅक्टर असेल तर मशीन सरळ पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर घ्या. आमच्याकडं एचएमटी झेटर 2511 आहे, दोन सिलिंडर, 25 एचपी. अजून थंडीत पहिल्या सेल्फला उठतो. वडील म्हणायचे, झेटर विकला तर घरातला माणूस विकल्यासारखं. पीटीओचे मिनिटाला 540 फेरे ठरलेले असतात, कटकटच नको.

बार्शी_लेथ (8.20)
झेटरचं पुराण रात्री लावा. जिरायती, मशीनला पट्टा आहे की पीटीओ? इंजिन कुठलं? फेरे किती? दाणा फुटणं आणि दाणा उडणं ही दोन्ही दुखणी एकदम आली म्हणजे माझा संशय फेऱ्यांवर.

अक्कलकोटची_सून (8.26)
दव असताना कणसं घालू नका. सकाळी सादळलेली कणसं गेली की अर्धे दाणे बोंडातच राहतात. दाणा दाताखाली धरा, कट् वाजला तर मळणीला झाला. आणि मशीनचं तोंड किती लांब आहे? बायांनी पदर खोचून, बांगड्या मागे सारून बसायचं. आमच्या भावकीत एकीची दोन बोटं गेली, कणसं आत ढकलताना. तोंड हातापेक्षा लांब पाहिजे, तीन फूट तरी, वरून निम्मं झाकलेलं. 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, तो मळणी मशीनसाठीच. तरी जुन्या मशीनांना अजून वीतभर तोंडं दिसतात.

जिरायती (8.31)
ताई, बोटं सगळ्यांची शाबूत आहेत. मी दाण्याचं विचारतोय.
इंजिनवर चालतं. पट्टा आहे. इंजिन एकदम छान चालतंय, नवीनच आहे.

बार्शी_लेथ (8.32)
नवीनच?

तिवडा (8.33)
"काही बदललेलं नाही" म्हणालात की ओ.

जिरायती (8.37)
मशीनमध्ये काही बदललेलं नाही असं म्हणालो. इंजिन दिवाळीत बदललं. आधी राजकोटचं लिस्टर टाईप होतं, 8 एचपी, हँडल मारून सुरू व्हायचं. वडिलांच्या खांद्याला झेपेना म्हणून विकलं. आता 10 एचपी आहे, बटणावर सुरू होतं. जोर जास्तच आहे, मग त्याचा काय संबंध?

बार्शी_लेथ (8.41)
तोच तर संबंध. दोन्ही इंजिनांच्या पाटीवरचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे सांगा. दोन्ही पुल्या मोजा. मशीनच्या पाटीवर ड्रमचे, म्हणजे कणसं झोडणाऱ्या पिंपाचे फेरे लिहिलेले असतात, तेही बघा.

हुरडा_गडी (8.44)
मालदांडी म्हणजे मंगळवेढ्याची का? 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली? थोडा हुरडा मिळेल काय, पाव्हणे येणार आहेत.

तिवडा (8.50)
मळणीला आलेल्या ज्वारीचा हुरडा मागताय, धन्य आहे. आणि मालदांडी 35-1 निवडली आमच्या मोहोळला. मंगळवेढ्याची माती भारी, ती ओल धरून ठेवते, ते मान्य. पण वाणाचं श्रेय मोहोळचं.

जिरायती (9.12)
जुनं 850, नवं 1500. टेपनं मोजलं: इंजिनची पुली 25 इंच, ड्रमची साडेएकतीस. मशीनच्या पाटीवर रंगाचे तीन थर. रॉकेलचं फडकं आणि एक रुपयाचं नाणं घेऊन खरवडली, 650-700 दिसतंय. बाया येऊन बसल्यात, चहा झाला.

बार्शी_लेथ (9.18)
25 इंची पुली म्हणजे गाडीचं चाक झालं की! तो घेर आहे. व्यास काढा: 8 आणि 10 इंच. जुना हिशेब 850 गुणिले 8 भागिले 10, म्हणजे 680. अगदी पाटीप्रमाणे. तुमच्या वडिलांनी बरोबर बसवलेलं. आता 1500 गुणिले 8 भागिले 10, म्हणजे 1200. ड्रम पावणेदोनपट पळतोय, आणि दाण्याला बसणारा मार वेगाच्या वर्गानं वाढतो, तो झाला तिप्पट. पंखा ड्रमच्याच दांड्यावरून फिरतो, म्हणून वाराही तेवढाच वाढलाय. फुटतात का आणि उडतात का, दोन्हीचं उत्तर हेच.
मशीन आत्ता बंद करा. पंचवीस वर्षांचा ड्रम 1200 वर फिरवायला बनवलेला नाही. ड्रमवरची एखादी खुंटी सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येईल.

नवं_रान (9.21)
एवढं कशाला? रेस कमी करायची, झालं.

बार्शी_लेथ (9.25)
रेस कमी केली की इंजिनची ताकदही उतरते. 850 वर ते 10 एचपी राहत नाही, निम्म्याच्या आसपास येतं. कणसांचा लोड आला की गुदमरणार.

जुनंतेसोनं (9.27)
पंख्याची झडप बंद करा, उडायचं थांबेल.

तिवडा (9.30)
थांबेल, आणि सगळं भुसकट ज्वारीत येईल. मग बसा सूप घेऊन उफणत. फुटलेला दाणा झडपेनं जोडला जातो होय?

जिरायती (10.05)
रेस कमी करून पाहिलं. दाणा लगेच अख्खा आला, खरंच. पण दर पाच मिनिटांनी ड्रम अडकतोय, पट्टा घसरून जळका वास येतोय. बायांना घरी पाठवलं, निम्मी हजेरी द्यावी लागली. इंजिनला लहान पुली टाकू का? साडेचार इंची गावातच मिळतीय.

बार्शी_लेथ (10.11)
लहान पुलीवर चपट्या पट्ट्याला पकड मिळत नाही, हाच जळका वास परत येईल. ड्रमची मोठी करा, 18 इंची. 1500 गुणिले 8 भागिले 18, म्हणजे 667. पट्टा तोच चालेल, इंजिन अर्धा फूट मशीनकडं ओढून घ्या. पुली जुन्या बाजारात मिळेल, फक्त भोक आणि चावीची खाच तुमच्या दांड्याच्या मापानं लेथवर करून घ्या. हातोडीनं ठोकून बसवू नका, बेअरिंग जाईल. आणि नवं इंजिन उलटं फिरत असेल तर पट्ट्याला आठाचा पीळ लागेल. ड्रमवर बाण असतो, बघा.

तिवडा (10.15)
मी सकाळीच म्हणालो होतो, कशावर चालवताय ते सांगा.

जिरायती (दुसऱ्या दिवशी, सायंकाळी 6.20)
सोलापुरात जुन्या बाजारात 18 इंची बिडाची पुली मिळाली. लेथवाल्यानं भोक मोठं करून दिलं. घरी बसवली तर मशीनच्या पायाला घासत होती, म्हणून पायाखाली दोन विटा आणि फळी सारली. दुपारी तीनला चालू केलं. वडील पोत्याजवळ उकिडवे बसले, मूठभर ज्वारी तळहातावर चोळली, फुंकली, आणि म्हणाले "हां". दिवसभरात ते बोललेला हा एकच शब्द. चुरी अजून थोडी येतीय, जाळीजवळचं अंतर उद्या बघतो. पहिल्या दिवसाची चार पोती गेलीच, व्यापारी चुरीला भाव देणार नाही, ती म्हशींना.
अक्कलकोटच्या ताई, तोंड मोजलं. दीड फूट भरलं. वेल्डिंगवाल्याला पत्रा सांगितलाय.

अक्कलकोटची_सून (6.31)
पत्र्याची कड दुमडून घ्या, नाहीतर तीच कापेल.

नवं_रान (6.40)
विटा उद्या सरकतील. लाकडी ठोकळा घाला.

हुरडा_गडी (7.02)
हुरडा राहू द्या. कडबा शेकडा काय लावला?

जिरायती (7.05)
कडबा द्यायचा नाही ओ, चार म्हशी आहेत.