सापाचा फोटो कोणी टाकला?

ताई (वॉटर्लू): हा बघा आमच्याकडचा नवीन मेंबर. छोट्या दीड वर्ष मागे लागला होता, शेवटी वाढदिवसाला आणला. गार्टर स्नेक म्हणतात. बिनविषारी आहे हे आधीच सांगून ठेवते

मोठी काकू: अगं बाई!! सक्काळी सक्काळी चहा घेताना उघडला फोटो, कप हातातून सुटला असता

चिन्मय: भारीएएए ताई 🔥 किती मोठा होतो

आप्पाकाका: घरात साप पाळायचा? तिकडे कुत्री मांजरी संपली काय?

ताई (वॉटर्लू): काका कुत्र्याला रोज तीनदा बाहेर कोण नेणार, इथे कॅनडात जानेवारीत उणे वीस असतं. हा टाकीत असतो. अंगठ्याएवढा जाड, मोठा झाला तरी दोन-अडीच फूट. काळपट अंगावर तीन पिवळे पट्टे. इथे बागेत पार्कात सगळीकडे दिसतात पण आमचा रानातून पकडलेला नाहीये, ब्रीडरकडे जन्मलेला आहे

आजी: चावतो का ग

ताई (वॉटर्लू): आजी खरं सांगू का, चावण्याचं काहीच नाही, वास बघ वास. पहिल्या दिवशी छोट्याने वरून झडप घालून उचलला तर त्याने मागून काहीतरी सोडलं आणि शेपूट हलवून हलवून ते त्याच्या स्वेटरला माखलं. सडके मासे अधिक ओलं पायपुसणं. स्वेटर दोनदा धुतला तरी जाईना, शेवटी टाकून दिला

चिन्मय: 😂😂😂

मोठी काकू: शी. आणि हे पैसे देऊन आणलंत

बंडूमामा (कणकवली): ताई, तो मस्क. शेपटीच्या मुळाशी ग्रंथी असतात त्यातून सोडतो. राग नाही ग तो, भीती. वरून हात आला की त्याच्या लेखी ससाणाच आला. लहान असताना तर फार बिचकतात. आमची नानेटी माहितीये ना सगळ्यांना, आजीच्या परसात पावसाळ्यात गवतात असायची, तिचाच लांबचा नातेवाईक समज. दोघंही पाणसापांच्या कुळातले, दोघंही दिवसा फिरणारे, दोघांच्याही पाठीवर पिवळे पट्टे. फरक म्हणजे नानेटी अंडी घालते आणि गार्टर थेट पिल्लं देते, एका वेळेला दहा वीस, कधी त्याहून जास्त

आजी: नानेटी गरीब असते रे. तुझे आजोबा काठीवर घेऊन कुंपणापलीकडे सोडायचे, मारायचे नाहीत

बंडूमामा (कणकवली): हो ना. गेली पंधरा वर्षं साप पकडून सोडायच्या कॉलवर जातोय, शेकड्यांनी नानेट्या उचलल्या असतील, एकदाही नाही चावली मला. घाबरली तर अंग फुगवते, मग खवल्यांच्या मधली रंगीत कातडी दिसते, बस. उलट विरोळा, म्हणजे दिवड, तो लगेच तोंड मारतो, मान चपटी करतो आणि लोक नाग नाग म्हणून ओरडत फोन करतात. गार्टर या दोघांच्या मधे कुठेतरी येतो बघ

आप्पाकाका: पण डूख धरतो ना साप. एकदा त्रास दिला की लक्षात ठेवतो. छोट्याला सांभाळा.

बंडूमामा (कणकवली): काका डूख बिख काही नसतं. असतं तर मी आज हा मेसेज टाइप करत नसतो. त्याला एवढंच कळतं की हा वास हा हात आला की आपल्याला काही होत नाही, किंवा होतं. सवय लागते, सूड नाही

मोठी काकू: दूध काय देता त्याला?

बंडूमामा (कणकवली): काकू 🙏 साप दूध पीत नाही

मोठी काकू: माहितीये रे मला, गंमत केली

ताई (वॉटर्लू): गांडुळं खातो काकू. माशांचे तुकडे, आणि फ्रोझन मिळतात ती बिनकेसांची उंदराची पिल्लं, ती वेगळ्या डब्यात बेसमेंटच्या फ्रीजरमध्ये आहेत, घरातल्या फ्रीजमध्ये नाहीत, काळजी करू नका. गांडुळं सुद्धा कुठलीही चालत नाहीत, गळाला लावायची मोठी नाइटक्रॉलर मिळतात ती. कंपोस्टमधली बारीक लाल असतात ना ती त्यांना बाधतात. आणि गोल्डफिश अजिबात नाही, त्यात असं काही असतं की बी-वन व्हिटॅमिन मोडून टाकतं, सतत दिलं की सापाला झटके येतात. हे सगळं छोट्याने मला शिकवलंय

आई: आणि जावईबापूंना चावला ते नाही सांगितलंस? फोनवर मला सांगितलंस की

चिन्मय: काय???

ताई (वॉटर्लू): आई 🤦‍♀️ अगं ते ग्रुपवर नव्हतं टाकायचं

भावजी (वॉटर्लू): मीच सांगतो. रविवारी सॅमन साफ केला, हात नुसते पाण्याखाली धरले आणि टाकीतली पाण्याची वाटी भरायला गेलो. साहेबांना वाटलं जेवण आलं. अंगठा धरला आणि सोडेचना, चावून चावून गिळायच्या प्रयत्नात. दुखलं म्हणाल तर करवंदीचा काटा लागल्यासारखं. चार बारीक ठिपके, थोडं रक्त, थोडी खाज. माझी चूक, त्याची नाही

आप्पाकाका: डॉक्टरकडे गेलात का??

भावजी (वॉटर्लू): नाही काका, साबणाने धुतलं. त्याच्या लाळेत थोडंसं विष असतं म्हणे बेडूक-मासे गारद करायला, माणसाला फार तर सूज येते

बंडूमामा (कणकवली): बरोबर. पण ओढून काढला नाहीत ना? ओढला की त्याचे दात तुटून आत राहतात. थंड पाण्याखाली हात धरायचा, आपणच सोडतो

भावजी (वॉटर्लू): ओढला 😐

बंडूमामा (कणकवली): बरं. पुढच्या वेळी

चिन्मय: पुढच्या वेळी 😂

मोठी काकू: मग आता हातात घेता की नाही त्याला? की नुसतं बघायचं

ताई (वॉटर्लू): घेतो ना. पहिले दहा दिवस हातच लावला नाही, नुसता टाकीशेजारी बसून छोट्या अभ्यास करायचा म्हणजे त्याला माणसांची सवय व्हावी. मग रोज टाकीत हात आडवा ठेवायचा, तो आपणहून जीभ लपलप करत येतो, चढला तर चढला. खालून हात घालून उचलायचा, मुठीत आवळायचा नाही, तो हातातून पुढे पुढे पळत असतो आणि आपण एकापुढे एक हात ठेवत जायचं, ट्रेडमिलसारखं. पाच मिनिटं खूप झाली. शांत बसून राहणारा साप हवा असेल तर हा नाही बाई, ह्याच्या अंगात रेल्वे आहे

बंडूमामा (कणकवली): आणि शेपटीला धरून नाही उचलायचा, छोट्याला नीट सांग. गार्टर झटापट करतो आणि शेपटी तुटते. पालीची परत येते तशी ह्याची येत नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, ओकून टाकतो. आणि डोळे दुधाळ झाले की कात टाकायची वेळ आली समजायचं, तेव्हा दिसत नाही त्याला धड, चिडचिडा होतो

आजी: कात टाकली की मला दाखव

ताई (वॉटर्लू): नक्की आजी. आणि एक सांगते मामा, तुला आवडेल. इथल्याच युनिव्हर्सिटीत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, गार्टरवर अभ्यास झालाय, 2020 मध्ये छापून आला. चाळीस लहान साप, डोक्यावर रंगाचे ठिपके देऊन ओळखू येतील असे केले आणि कॅमेऱ्याने बघितलं कोण कोणाबरोबर बसतो. तर म्हणे ते कुणाच्याही अंगावर जाऊन नाही पडत, ठराविक सापांजवळच परत परत जातात. उठवून दुसरीकडे ठेवले तरी फिरून त्याच कंपनीत. आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, काही धीट, काही लाजाळू, आणि तो तसाच राहतो

आप्पाकाका: म्हणजे सापांचाही कट्टा असतो.

आई: आपल्या आप्पांच्या ग्रुपसारखा

आप्पाकाका: 😄

चिन्मय: मग एकटा कशाला ठेवलाय त्याला, अजून एक आणा

ताई (वॉटर्लू): नको रे. दोन ठेवता येतात, पण एकाच गांडुळाची दोन टोकं दोघांनी धरली की गिळत गिळत एक दुसऱ्यालाही गिळायला बघतो. खायला घालताना वेगळे काढावे लागतात. एक पुरे. बाकी मुळात ते घोळक्यात राहणारेच आहेत. मागे मे महिन्यात विनिपेगला गेलो होतो ना, तिथून दीड तासावर नार्सिस म्हणून गाव आहे, तिथे चुनखडीच्या खड्ड्यांत हजारो गार्टर हिवाळा काढतात आणि वसंतात एकदम वर येतात. पायाखालची जमीन हलतेय असं वाटतं. एका मादीभोवती पन्नास-साठ नर, नुसता लोकरीचा गुंडा. रस्त्याखालून त्यांच्यासाठी बोगदे केलेत, गाड्यांखाली मरू नयेत म्हणून. तिथला आवाज डोक्यातून जात नाही माझ्या, वाळलेल्या पानांवर पाऊस पडावा तसा. तिथेच छोट्याचं डोकं फिरलं, आणि थोडं माझंही

मोठी काकू: मी गेले असते तर तिथेच आडवी झाले असते

चिन्मय: मामा मला एक नानेटी आणून दे ना पुण्याला, तुला रोज मिळतात. बरणीत नाही, नीट टाकी करेन

बंडूमामा (कणकवली): चिन्मय, हा विषय इथेच बंद. आपल्याकडचा साप धरून घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मला आत टाकतील. मी पकडतो तो सोडायला. आणि ऑनलाइन कोणी परदेशी साप देतो म्हणाला तरी घेऊ नकोस, मुंबई विमानतळावर बँकॉकच्या बॅगांमध्ये कोंबलेले सापडतात ते बघितलेयस ना, कित्येक मेलेले असतात. हौस असेल तर जुलैत इकडे ये, रात्रीचे कॉल बघ माझ्याबरोबर

चिन्मय: डन. आईला तू सांग

मोठी काकू: कोणी कोणाला काही सांगायचं नाहीये. चिन्मय अभ्यास कर

आई: ताई, हात धुता ना पण? छोट्या तसाच जेवायला बसेल

ताई (वॉटर्लू): हो ग, साबणाने, नियम आहे. साल्मोनेला म्हणजे पोट बिघडवणारा जंतू असतो ना त्यांच्या अंगावर. तुला काय वाटतं, मी त्याची टाकी किचनमध्ये नेऊ देते का. वाटी सुद्धा बाथरूमच्या बेसिनमध्ये नाही, वेगळ्या बादलीत धुतो

बंडूमामा (कणकवली): झाकणाला क्लिपा लावल्यात का? बारीक साप फटीतून जातो, डोकं गेलं की सगळा गेला

ताई (वॉटर्लू): चार क्लिपा. आणि वर डिक्शनरी

आजी: ताई मी जूनमध्ये येणारे तेव्हा हे कुठे असणार

ताई (वॉटर्लू): आजी 🙈 तुझ्याच खोलीत आहे टाकी सध्या. त्या खोलीत थेट ऊन येत नाही म्हणून, काचेत ऊन पडलं की आत भट्टी होते. तू यायच्या आधी हलवते, टेन्शन नको घेऊ

आजी: त्याला नको हलवू. बिचकणारं जनावर, परत वास सोडेल. माझा पलंग हॉलमध्ये टाक