दीर्घकालीन विषाणूसंसर्गात टी पेशींच्या रिसेप्टरची ॲफिनिटी घटते का?

परळची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी परळला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. उंदरांमध्ये एलसीएमव्ही या उंदरांच्या विषाणूचा आर्मस्ट्राँग हा वाण आठवडाभरात निपटला जातो आणि क्लोन १३ हा वाण मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. या दुसऱ्या उंदरांमध्ये टेट्रामरने (प्रतिजनाच्या, म्हणजे टी पेशी ओळखतात त्या विषाणूच्या तुकड्याच्या, चार प्रती जोडलेल्या चमकत्या रंजकाने) रंगलेल्या टी पेशी फिकट दिसल्या, तर त्यांच्या रिसेप्टरची ॲफिनिटी (प्रतिजनाला घट्ट बांधण्याची ताकद) कमी झाली असे म्हणता येईल का?

खाडीकाठचा:
तसे थेट म्हणता येणार नाही. बी पेशींच्या जनुकांत संसर्गाच्या काळात उत्परिवर्तने होत राहतात, म्हणून प्रतिपिंडे उत्तरोत्तर घट्ट बांधली जातात; टी पेशीचा रिसेप्टर मात्र थायमस ग्रंथीमध्ये एकदा घडला की तोच तिच्या सगळ्या वंशजांकडे जातो. बदलू शकते ते पेशींच्या समूहाचे सरासरी चित्र, कारण कोणता क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) वाढला, कोणता थकला (म्हणजे त्याची कार्यक्षमता घटली) आणि कोणता नष्ट झाला यावर ते ठरते. क्लोन १३ च्या संसर्गात विषाणूच्या एनपी३९६ या तुकड्याला ओळखणाऱ्या सीडी८ पेशी (संसर्गित पेशी मारणाऱ्या टी पेशी) बव्हंशी नाहीशा होतात, तर जीपी३३ हा दुसरा तुकडा ओळखणाऱ्या थकलेल्या अवस्थेत टिकून राहतात. अर्थात याचे खापर एकट्या ॲफिनिटीवर फोडू नये. प्रतिजन किती आणि किती काळ समोर येत राहतो, यालाही मोठे महत्त्व आहे.

कुलाबा प्रयोगशाळा:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण मला खरी अडचण मोजमापात दिसते. टेट्रामर म्हणजे मोठ्या आसाचे जाळे: सुरमई अडकते, मांदेली निसटते. कमी ॲफिनिटीच्या पेशी प्रतिसादात सामील असूनही रंगत नाहीत, विशेषतः सीडी४ पेशींच्या (इतर रोगप्रतिकारक पेशींना मदत करणाऱ्या टी पेशींच्या) बाबतीत. पेशीच्या पृष्ठभागावरच बंध मोजणारी मायक्रोपिपेटची पद्धत वापरली, तेव्हा अशा बऱ्याच पेशी सापडल्या आणि तीव्र व दीर्घकालीन अशा दोन्ही संसर्गांत सीडी४ पेशींच्या ॲफिनिटीचा पल्ला सारखाच राखला गेल्याचे दिसले. शिवाय सतत उत्तेजित होणारी पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेते. मग बंध तितकाच घट्ट असूनही रंग फिका येतो. म्हणून त्याच नळीत सीडी३ चे (रिसेप्टरला जोडून असणाऱ्या प्रथिनाचे) प्रतिपिंडही घाला आणि टेट्रामरची चमक सीडी३ च्या तुलनेत वाचा.

परळची विद्यार्थिनी:
आभारी आहे, सर. मग क्लोन १३ च्या उंदरांतल्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा (विषाणूविरोधी संकेत देणारे प्रथिन) कमी बनवतात, त्याचा ॲफिनिटीशी संबंध लावू नये का?

खाडीकाठचा:
तेवढ्यावरून लावू नये. २००६ साली याच विषाणूच्या प्रयोगांत पीडी-१ चा (टी पेशींना आवर घालणाऱ्या प्रथिनाचा) मार्ग रोखल्यावर थकलेल्या सीडी८ पेशी पुन्हा इंटरफेरॉन-गॅमासारखी साइटोकाइन (संकेत देणारी प्रथिने) बनवू लागल्या आणि विषाणूचे प्रमाण घटले. रिसेप्टर तेच होते, फक्त त्यांच्या संकेताला लागलेला लगाम सुटला. घट्ट बांधणाऱ्या पेशींना संकेतही जोरकस मिळतो, त्यामुळे दीर्घकालीन संसर्गात त्याच अधिक थकण्याची शक्यता असते. तेव्हा कमी इंटरफेरॉन म्हणजे कमी ॲफिनिटी हे समीकरण कधीकधी नेमके उलटे पडते.