कंपोस्टचा ड्रम डोळ्यांना झोंबतोय, सुकं किती घालायचं?

प्रश्न
कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. जूनपासून ५० लिटरच्या ड्रमात ओला कचरा टाकतेय, खाली-बाजूला भोकं पाडलीत. भाजीची देठं, केळ्याची सालं आणि आमच्याकडचा चहाचा चोथा, तोही पाच माणसांचा. 'ओल्याला सुक्याची जोड हवी' हे माहीत होतं, म्हणून चोथा सुक्यात धरला. तपकिरी दिसतो ना! आता झाकण उघडलं की नाकात अमोनिया, तळाला काळं पाणी, वर अळ्या. सासूबाई म्हणतात, एक तर हा ड्रम राहील नाही तर मी. वाचवा.

उत्तर १
ताई, रंगावर जाऊ नका. ओलं म्हणजे ज्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, सुकं म्हणजे ज्यात कर्ब (कार्बन) जास्त. चोथा तपकिरी असला तरी त्यात नत्र भरपूर, म्हणजे तो ओल्यातच मोजायचा. तुम्ही ओल्यावर ओलंच घालत होतात. कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं, पण वजनकाटा घेऊन कोण बसतंय! मी वाटीने मोजतो : एक वाटी ओलं, दोन वाट्या चुरलेला पाचोळा. आज सगळं जुन्या पेपरवर ओता, पाचोळा किंवा पुठ्ठ्याचे बारीक तुकडे कालवा आणि परत भरा. मग मूठभर घेऊन दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी सुकं.

बाकी, पाचोळा शिमग्याच्या सुमारास पोत्यात भरून ठेवायचा. श्रावणात शोधायला निघालात तर चिखलच मिळेल.

उत्तर २
अळ्या चपट्या, करड्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. सुकं वाढलं की कमी होतात. सुताराकडचा भुसा चालतो, पण प्लायवुडचा नको, त्यात डिंक असतो.

उत्तर ३
रसवंतीवाल्याकडून चिपाडं फुकट मिळतात. वाळवून कोयत्याने तुकडे करा मात्र. मी अख्खी टाकली होती, सहा महिन्यांनी तशीच बाहेर आली.

प्रश्नकर्ती, दहा दिवसांनी
दोन मोठे खोके फाडून घातले, बोटांना फोड आले. अमोनिया तिसऱ्या दिवशी गेला. काल ड्रम ढवळताना हात लावला तर मधला भाग चक्क कोमट. सासूबाई अजून झाकण उघडत नाहीत, पण चोथ्याचं गाळणं आता त्याच बाल्कनीत आणून ठेवतात.