टाइमशेअर कंपनीचा नफा विक्रीच्या दिवशी धरायचा, की पंचवीस वर्षांत?

तळटीप (धागाकर्ता)

समजा, एक टाइमशेअर कंपनी 100 रुपयांना मेंबरशिप विकते. 15 डाउन पेमेंट, उरलेले 85 चार वर्षांच्या हप्त्यांत. बदल्यात पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा मुक्काम. ही विक्री करताना कमिशन, प्रेझेंटेशन, भेटवस्तू, पगार धरून 50 खर्च झाले. आता या वर्षी उत्पन्न किती दाखवायचं?

माझं उत्तर: 4 (100 भागिले 25). सेवा पंचवीस वर्षं द्यायची आहे, तर उत्पन्नही तेवढ्याच वर्षांत येऊ द्या. आपल्याकडची टाइमशेअर कंपनी महिंद्रा हॉलिडेज पूर्वी फीचे 60 टक्के लगेच धरायची आणि 40 टक्के मुदतभर पसरवायची. 1 एप्रिल 2018 पासून इंड एएस 115 (उत्पन्न कधी धरायचं ते सांगणारं भारतीय लेखामानक) आलं, सगळीच फी मुदतभर पसरवावी लागली आणि ताळेबंदातली निव्वळ संपत्ती एका फटक्यात खाली आली. धंदा तोच, मेंबर तेच, रिसॉर्ट तीच. मग आधीचा तो नफा नेमका कसला होता?

वरच्या उदाहरणात 60 लगेच धरले तर नफा 10 दिसतो. हातात आले 15, गेले 50, म्हणजे रोकड उणे 35. आडात नाही ते पोहऱ्यात दाखवायचा प्रकार आहे हा.

विक्रमी विक्री

पूर्ण असहमत. तुमच्या पद्धतीनं काय होतं तेही मांडा की! 50 पैकी 20 कमिशन आहे असं धरू. करार मिळवण्यासाठीच झालेला खर्च म्हणून ते पसरवता येतं. उरलेले 30 मात्र विक्री झाली नसती तरी झालेच असते, त्यामुळे ते याच वर्षी टाकावे लागतात. उत्पन्न 4, कमिशनचा वाटा 0.8, बाकी खर्च 30. जवळपास 27 तोटा. जितकी जास्त विक्री कराल तितकं पत्रक लाल.

आणि उलटं बघा. उद्या कंपनीची विक्री साफ बंद पडली, तर जुन्या मेंबरांचे 4-4 येतच राहणार आणि विक्रीचा खर्च शून्य. शेवटच्या घटका मोजणारी कंपनी नफ्यात विक्रम करेल. असा आकडा गुंतवणूकदाराला काय सांगतो? शून्य.

शंकेखोर

दोघंही एकाच प्रकारच्या कराराबद्दल भांडताय. जिथे फक्त वापराचा हक्क विकला जातो आणि तोही ठरावीक वर्षांपुरता, तिथे तळटीप यांचं बरोबर. अमेरिकेत मात्र बहुतेकदा मालमत्तेतला हिस्सा विकतात, खरेदीखत होतं, तो वारसाला जातो, विकताही येतो. तिथे रद्द करण्याची मुदत संपली, इमारत पूर्ण झाली आणि पैसे येतील असं दिसलं की उत्पन्न एकदम धरतात. बांधकाम अर्धवट असेल तर पुढे ढकलतात. म्हणून तिथल्या कंपन्यांच्या अहवालात 'करार विक्री' (सह्या झालेल्या करारांची रक्कम) आणि 'निव्वळ विक्री' (हिशेबात उत्पन्न म्हणून धरलेली) हे दोन वेगळे आकडे असतात. बातम्यांत बहुधा पहिलाच झळकतो, कारण तो मोठा असतो.

उधारखाते

चार की साठ, यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. या धंद्यात पैसा बुडतो तो येण्यांत, म्हणजे मेंबरांकडून यायच्या हप्त्यांत. आकडा कुठल्याही वर्षी धरा, ते 85 येणार आहेत का, हे आधी सांगा.

घर घेतलेला माणूस हप्ता चुकवताना दहादा विचार करतो. सुट्टीचा हप्ता मात्र पैशांची ओढाताण झाली की पहिला थांबतो. सेल्समनच्या भरात सही झालेली असते, दोन वर्षांत हौस फिटलेली असते. सनटेरा आठवते का? अमेरिकेतली बडी टाइमशेअर कंपनी. वसूल न होणाऱ्या कर्जांपोटी तरतूद वाढवावी लागली आणि मे 2000 मध्ये तिनं दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं.

त्यानंतर 2004 च्या डिसेंबरात तिथे टाइमशेअरसाठी स्वतंत्र लेखामानक आलं, एसएफएएस 152. आता त्याची जागा नव्या नियमांनी घेतली आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी मला अजूनही फार आवडतात. पहिली, जे पैसे येणार नाहीत असा अंदाज आहे ते थेट विक्रीच्या आकड्यातूनच वजा करा, खाली कुठेतरी बुडीत कर्जाच्या खर्चात लपवू नका. दुसरी, खरेदीदारानं किमान 10 टक्के भरलेत का हे बघताना त्याला दिलेल्या भेटी वजा करा. एका हातानं डाउन पेमेंट घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं कूपन द्यायचं, ही चलाखी त्यात अडकायची.

आता कंपनीच्या अहवालातली येण्यांवरची तळटीप उघडा. 'थकबाकी 90 दिवसांवर, एकूण येण्यांच्या 5 टक्के' असं लिहिलेलं असतं आणि लोक निश्चिंत होतात. अहो, विक्री दरवर्षी तिसऱ्या हिश्शानं वाढत असेल तर छेद, म्हणजे एकूण येणी, फुगत राहतो. कालच सही केलेला माणूस 90 दिवस थकेल कसा? 2021 ची विक्री वेगळी काढा, 2022 ची वेगळी, आणि प्रत्येकीतले किती टक्के बुडाले ते बघा. तिथे खरी कुंडली दिसते.

त्याहून वाईट म्हणजे अपग्रेड. थकलेल्या मेंबरला बोलावून मोठी मेंबरशिप द्यायची, जुनी बाकी नव्या करारात मिसळायची. जुनं येणं 'वसूल' झालं, नव्याचं वय शून्य दिवस. एक पैसा न येता दोन्ही आकडे सुधारतात.

विक्रमी विक्री

अपग्रेड म्हणजे फसवणूकच असं सरसकट म्हणू नका. खूश मेंबरच जास्त घेतो, आणि त्याच्या बाबतीत विक्रीचा खर्चही कमी येतो. शिवाय हप्ते थांबले तर हक्क कंपनीकडे परत येतो, तो पुन्हा विकता येतो. घेतलेलं डाउन पेमेंटही राहतं. गाडीच्या कर्जासारखी वस्तू झिजून येत नाही.

उधारखाते

पुन्हा विकता येतो, पण विकायला पुन्हा 50 लागतात. ते कोण मोजणार?

तळटीप

उधारखाते यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. उत्पन्न पसरवलं की ताळेबंदात एका बाजूला 85 येणी आणि दुसऱ्या बाजूला 96 'आगाऊ उत्पन्न' उभं राहतं. लोक म्हणतात, बघा, 96 चा नफा पाइपलाइनमध्ये आहे! पण मेंबर मध्येच सोडून जाऊ शकत असेल, तर न आलेले हप्ते ना मालमत्ता, ना त्यांच्यापोटी कंपनीवर सेवेचं देणं. आयएफआरएस 15 मध्ये (इंड एएस 115 चं आंतरराष्ट्रीय मूळ) येणं म्हणजे बिनशर्त हक्क, फक्त तारीख यायची बाकी. शर्त असेल तर दोन्हीकडचे 85 उडवा, उरतात 11: मिळालेले 15 वजा यंदाचे 4. म्हणून मी 4 वर ठाम आहे. 60 धरलेत की न आलेल्या 45 वर कर आणि लाभांश दोन्हींची चर्चा सुरू होते.

शंकेखोर

आणि हप्त्यांवर व्याज नाही असं सांगून विकलं असेल तर? चार वर्षांच्या उधारीचं व्याज किमतीतच दडलेलं असतं. ते वेगळं काढून व्याज म्हणूनच दाखवायला हवं. मग विक्री 100 ची राहतच नाही.

विक्रमी विक्री

हे सगळं मान्य केलं तरी वर्षवार वसुलीचा तक्ता बहुतेक कंपन्या भागधारकांना देत नाहीत. मग सामान्य गुंतवणूकदारानं काय करायचं, ज्योतिषाकडे जायचं?

उधारखाते

ज्या कंपन्या हप्ते एकत्र बांधून रोखे विकतात, त्यांच्या रोख्यांचे रेटिंग अहवाल वाचा. कर्ज देणारा हा तक्ता मागितल्याशिवाय पैसे सोडत नाही, त्यामुळे विक्रीच्या वर्षानुसार बुडिताचे आकडे तिथे सापडतात. बँक त्याच येण्यांवर शंभरातले किती द्यायला तयार आहे, तेही बघा. भागधारकांच्या अहवालात तरतूद 6 टक्के आणि बँक देते 70, तर मी बँकेचं ऐकेन.