सर्वोच्च न्यायालयाने एवढी अपिले ऐकावीत का?

धागाकर्ता: लष्करी न्यायालये वगळता देशातील कोणत्याही न्यायालयाच्या वा न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची विशेष अनुमती सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १३६ नुसार स्वविवेकाने देऊ शकते. हा अधिकार अपवादानेच वापरायचा, असे न्यायालयानेच १९५० साली प्रीतम सिंग खटल्यात म्हटले होते. आज सोमवार आणि शुक्रवार हे दिवस मुख्यतः अशा याचिका दाखल करून घ्यायच्या की फेटाळायच्या, हे ठरवण्यात जातात. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५(३) नुसार किमान पाच न्यायाधीश लागतात. ते एकत्र बसले की दोन-दोन न्यायाधीशांची नेहमीची पीठे तेवढी कमी होतात, म्हणून अशा पाच वा अधिक न्यायाधीशांच्या घटनापीठाचे काम मागे पडते. नोटाबंदीचा प्रश्न डिसेंबर २०१६ मध्ये घटनापीठाकडे सोपवला गेला आणि निकाल २ जानेवारी २०२३ रोजी लागला. तोवर जुन्या नोटा बदलून मिळणार कोणाला? अनुच्छेद १३६ ची वाट अरुंद करावी, असे माझे मत आहे.

तिऱ्हाईत: उदाहरण चुकीचे निवडलेत. कोणते प्रकरण कोणत्या पीठापुढे आणि केव्हा ठेवायचे, हे सरन्यायाधीश ठरवतात. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांच्या या अधिकारावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. सहा वर्षांच्या विलंबाचा जाब मग याचिका घेऊन येणाऱ्या पक्षकाराला का विचारायचा? संसदेला घटना कितपत बदलता येते, याबद्दलचा केशवानंद भारती खटला १३ न्यायाधीशांनी ६८ दिवस ऐकला, कारण तो ऐकायचाच असे ठरले होते. शिवाय अनुच्छेद १३६ च्या अधिकाराला चौकट आखून द्यावी का, हा प्रश्न २०१६ मध्ये पाच न्यायाधीशांपुढे आला, तेव्हा त्यांनी तशी चौकट आखण्यास नकार दिला. उच्च न्यायालयाची ढोबळ चूक कोणत्या साच्यात बसेल, हे आधी सांगता येत नाही.

धागाकर्ता: सरन्यायाधीशांच्या अधिकाराचा मुद्दा मी गृहीत धरायला हवा होता, हे खरे. पण ज्या पक्षकाराची बाजू तुम्ही घेता, त्याने दूरच्या राज्यातून दिल्लीला येऊन वकील लावायचा कसा? विधी आयोगाने २००९ मध्ये दिल्लीत घटनापीठ आणि चार विभागांत अपिलांसाठी स्वतंत्र पीठे सुचवली होती. अनुच्छेद १३० नुसार राष्ट्रपतींच्या मान्यतेने सरन्यायाधीश न्यायालय अन्यत्रही बसवू शकतात.

तिऱ्हाईत: म्हणजे वाट अरुंद करण्याऐवजी तुम्ही आणखी चार दरवाजे उघडता आहात! एकाच इमारतीत बसणारी दोन पीठे परस्परविरोधी निकाल देतात आणि वाद मोठ्या पीठाकडे जातो. चार शहरांतून असे निकाल येऊ लागले, तर ते निस्तरायला दिल्लीतल्या त्याच घटनापीठाला बसावे लागेल, ज्याला वेळ मिळावा म्हणून तुम्ही हा धागा काढलात.