बार्बरशॉप कोरस: वृद्धनिवास, बेसबॉल मैदान, सिंगिंग व्हॅलेंटाइन – आखणी कशी करावी?

ओहायोचा_बॅरिटोन
नमस्कार मंडळी. ओहायोतल्या आमच्या बार्बरशॉप कोरसमध्ये (वाद्यांशिवाय चार आवाजांत गाणारा समूह) २४ पुरुष आहेत, त्यांतलीच दोन क्वार्टेट्स, म्हणजे चौघांचे गट. गावातल्या कार्यक्रमांची आखणी यंदा माझ्याकडे आहे. वृद्धनिवासात ४० मिनिटं, बेसबॉलच्या मायनर लीग (दुय्यम स्तराच्या) सामन्याआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत, आणि १४ फेब्रुवारीला क्वार्टेट्सची सिंगिंग व्हॅलेंटाइन, म्हणजे मागणीप्रमाणे घरी-ऑफिसात जाऊन प्रेमाची गाणी गाणं. चाळीस मिनिटांत किती गाणी बसतात? क्वार्टेट कुठे घालावं? गालिचा अंथरलेल्या हॉलमध्ये सूर उतरतो, त्यावर उपाय काय? माइकचंही सांगा.

खर्जवाला
चाळीस मिनिटांत दहा, फार तर अकरा गाणी. बार्बरशॉपचं गाणं अडीच-तीन मिनिटांचं असतं. टाळ्या, पिचपाइप फुंकून सुरुवातीचा सूर घेणं, जागा बदलणं आणि निवेदन यांत दहा-बारा मिनिटं जातातच. कोरसची तीन, पहिल्या क्वार्टेटची दोन, कोरसची दोन, दुसऱ्या क्वार्टेटची दोन आणि शेवटी कोरसची दोन, असा क्रम चालतो. क्वार्टेटचे चौघे कोरसमध्येही गातात, त्यामुळे सगळ्यांना विश्रांती मिळते पण त्यांना नाही. म्हणून क्वार्टेटच्या आधी कोरसचं सर्वांत दमवणारं गाणं ठेवू नका, नाहीतर सर्वांत वरचा भाग गाणाऱ्या टेनरचा आवाज तिथेच बसतो.

गाण्यांची निवड करताना बहुतेक कोरस हमखास चुकतात. बार्बरशॉप म्हणजे १९०० ते १९२० ची गाणी, आणि वृद्धांना तीच आवडणार, असं धरून चालतात. पण आज पंच्याऐंशीचे असलेले लोक १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शाळा-कॉलेजात होते. त्यांच्या तरुणपणी रेडिओवर डू-वॉप (तेव्हाची समूहस्वरांची पॉप गाणी) वाजत होतं. जुनी दोन-तीन पुरेत, बाकी त्यांच्या काळातली घ्या. स्पर्धेची गाणी फार तर एक. त्यांतले लांबलचक टॅग (गाण्याचे शेवटचे तुकडे) परीक्षकांसाठी असतात.

शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठेवा. त्याची सुरावट एका सप्तकात मावणारी हवी, लय नेहमीपेक्षा थोडी संथ, आणि शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले.

काही बारीकसारीक गोष्टी. खिडकीला पाठ करून उभे राहू नका. मागून उजेड आला की चेहरे काळे दिसतात आणि ओठ पाहून शब्द ओळखणाऱ्यांची पंचाईत होते. वय झालं की वरच्या कंपनसंख्या आधी ऐकू येईनाशा होतात, म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा व्यंजनं स्पष्ट करा. तीसेक खुर्च्यांच्या खोलीत चोवीस जणांनी पूर्ण जोर लावला तर श्रवणयंत्रवाल्यांना त्रासच होतो. व्हीलचेअरसाठी मधली वाट मोकळी सोडा. वेळ दुपारी दोन-अडीचची मागा, कारण तिथली जेवणं लवकर असतात. आणि निवेदकाला सांगा की १९३८ साली टल्सात ओ. सी. कॅश आणि रूपर्ट हॉल यांनी बार्बरशॉप गाणाऱ्यांची संस्था कशी काढली, ते ऐकायला कोणी आलेलं नाही. वीस-तीस सेकंद बोलणं, तेही दोन गाण्यांआड.

कोमल_निषाद
सूर उतरण्याबद्दल. गालिचा, पडदे, गाद्यांच्या खुर्च्या सगळा नाद शोषून घेतात. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की प्रत्येक जण जोर लावतो, दम आधी संपतो आणि ओळीच्या शेवटी सूर घसरतो. यावर उपाय उभं राहण्यात आहे. रायझर (पायऱ्यांचे मंच) विसरा, जमिनीवरच दोन रांगांत, नेहमीपेक्षा खोल कमानीत, खांद्याला खांदा जवळजवळ लावून उभे राहा. बास, म्हणजे सर्वांत खालचा भाग गाणारे, मागच्या रांगेत मधोमध.

दुसरं कारण स्वरांचं आहे. बार्बरशॉपची ओळख असलेला सप्तम कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लावलेले चार स्वर, कंपनसंख्यांच्या ४:५:६:७ या प्रमाणात जुळला की तो झणझणीत वाजतो. त्यासाठी गंधार पियानोपेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली आणि सप्तम स्वर ३१ सेंट खाली लागतो. तानपुऱ्यावर वाढलेल्याला हा गंधार ओळखीचा असतो, कारण खर्जाच्या तारेतून तोच ऐकू येतो. पण हा सप्तम नेहमीच्या कोमल निषादापेक्षाही सुमारे २७ सेंट खाली आहे, तो कानाला मुद्दाम शिकवावा लागतो. घोळ कुठे होतो? मधला भाग भरणाऱ्या बॅरिटोनने खाली घेतलेला गंधार ऐकून मुख्य सुरावट गाणारा लीडही ती खाली ओढतो, मग षड्जच सरकतो. लीडने सुरावट एकट्याने गाताना जशी गाईल तशीच ठेवायची, जुळवून घ्यायचं काम इतर तिघांचं.

तालमीत गाणं संपताक्षणी पिचपाइप वाजवा. उतरलं असेल तर प्रत्येक ओळीनंतर तपासा. बहुतेक वेळा एकाच जागी, खाली येणाऱ्या स्वरांवर किंवा एकच स्वर चार-पाचदा येतो तिथे, घसरण सापडते. तरीही जमलं नाही तर अख्खं गाणं अर्धा सूर वर घ्या. विचित्र वाटतं, पण पुष्कळदा तेवढ्याने गाणं जागेवर राहतं. चोवीस जणांत लीड ८, बास ७, बॅरिटोन ५, टेनर ४ एवढं असावं. टेनर वाढले की वरचा आवाज टोचतो.

मैदानावरचा_भोंगा
राष्ट्रगीताचा आवाका दीड सप्तकाचा आहे, एक सप्तक आणि वर पाच स्वर. पट्टी पहिल्या स्वरावरून ठरवू नका, ‘ग्लेअर’ या शब्दावरून ठरवा, तिथे सर्वांत वरचा स्वर येतो. पिचपाइप निवेदकाची घोषणा चालू असतानाच माइकपासून दूर वाजवून घ्या.

खरा शत्रू म्हणजे भोंग्यांतून परत येणारा आवाज. भोंगा १०० मीटरवर असेल तर तो सुमारे ०.३ सेकंद उशिरा पोचतो. त्याच्या मागे गेलात की लय दर ओळीला संथ होत जाते. संचालकाच्या हाताकडेच बघायचं, आणि संचालकानेही भोंग्याकडे कान द्यायचा नाही. चोवीस जणांना स्टँडवर दोन कंडेन्सर माइक लागतात, वाऱ्यासाठी फोमची टोपी घालून. पुष्कळ मैदानांवर मात्र हातात धरायचा एकच माइक मिळतो. तो चोवीस जणांना पुरत नाही, तेव्हा सरळ क्वार्टेटलाच पुढे करा: चौघे माइकभोवती दाटीने, टेनर अर्धा पाऊल मागे. कोणता माइक मिळेल हे आठवडाभर आधी विचारून ठेवा. एकूण वेळ दीड मिनिटाच्या आत. टॅग लांबवू नका.

कागदपत्र_काका
तिकीट नसेल, व्यावसायिक फायद्याचा हेतू नसेल आणि गाणाऱ्यांना वा आयोजकांना काही मोबदला नसेल, तर अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या ११०(४) कलमाप्रमाणे अशा सादरीकरणाला परवाना लागत नाही. मानधन घेणार असाल तर जागेकडे आस्काप किंवा बीएमआय या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना आहे का ते विचारा. ही सूट गाण्यापुरतीच. स्वरलिपीच्या प्रती प्रत्येकासाठी विकतच्या हव्यात, झेरॉक्स नाही. गाणं जुनं असलं तरी त्याच्या चार आवाजांसाठी केलेल्या मांडणीचा हक्क वेगळा असू शकतो.

ओहायोचा_बॅरिटोन
आभार! सिंगिंग व्हॅलेंटाइन राहिलं. एका क्वार्टेटला दिवसात किती घरं झेपतात?

खर्जवाला
दोन गाणी, एक गुलाब, एक कार्ड. काम पाच मिनिटांचं. पण पार्किंग, रिसेप्शन आणि रस्ता धरून प्रत्येक ठिकाणाला वीस मिनिटं द्या. म्हणजे अर्ध्या दिवसात दहा-बारा. गावाचे दोन भाग करून प्रत्येक क्वार्टेटला एक द्या. मागणी घेताना पाठवणाऱ्याचा फोन, इमारतीत शिरायची परवानगी आणि ती व्यक्ती नक्की कधी भेटेल, हे लिहून घ्या. इस्पितळ असेल तर फुलं चालतात का ते आधी विचारा. अतिदक्षता विभागात बहुधा चालत नाहीत. तारीख शनिवार-रविवारी आली तर ऑफिसांसाठी आधीचा शुक्रवारही विक्रीला ठेवा. गाडीतून उतरल्या उतरल्या थंडीत उघड्यावर गाऊ नका.

सर्वांत महत्त्वाचं: दोन्ही क्वार्टेट्सनी तीच दोन गाणी, तीच मांडणी, त्याच पट्टीत बसवायची. फेब्रुवारीत कोणाचा तरी घसा धरतोच. मग दुसऱ्या क्वार्टेटमधला त्याच भागाचा गायक संध्याकाळच्या फेरीला उसना घेता येतो, नाहीतर उरलेल्या तिघांना घरी बसावं लागतं.