पॅकेजिंगच्या कचऱ्याच्या गासड्या: यंत्र आधी की वर्गीकरण आधी?

मूळ मत
कारखान्यात कच्चा माल ज्या खोक्यांतून येतो ती खोकी आवारात साचतात, भिजतात, आणि ट्रक काठोकाठ भरला तरी काट्यावर वजन जेमतेम भरते, कारण पुठ्ठ्यापेक्षा हवाच अधिक वाहून नेली जाते. बेलरमध्ये, म्हणजे कचरा दाबून गासडी करणाऱ्या यंत्रात, दाबून तारेने बांधलेली मोठी गासडी 300 ते 500 किलोंची होऊ शकते. फेऱ्या घटतात, आवार मोकळे होते. रोज ढीग साचणाऱ्या प्रत्येक कारखान्याने बेलर बसवायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1 (असहमत)
‘बसवायलाच हवा’ हे मला मान्य नाही. आमच्या कारखान्यात यंत्र आले, पण वर्गीकरणाची शिस्त आली नाही. खरेदीदाराने एका गासडीची तार कापली तेव्हा आतून स्ट्रेच फिल्म (मालाभोवती ताणून गुंडाळतात ते पातळ प्लास्टिक), तेलाने माखलेल्या चिंध्या आणि मधोमध बुरशी धरलेला पुठ्ठा निघाला, आणि सगळी गाडी परत आली. मोकळ्या ढिगात डोळ्यांना दिसणारी घाण गासडीत दडून जाते. ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या वर गेला की कागद गिरण्या भाव कापतात किंवा माल नाकारतात.

मूळ लेखक
तो दोष यंत्राचा नव्हे. खोकी उघडतात त्याच टेबलाशेजारी पुठ्ठ्याचा आणि फिल्मचा असे दोन पिंजरे ठेवले, तर भेसळ बव्हंशी तिथेच थांबते. स्ट्रेच फिल्म बहुधा पॉलिथिलीनची असते. ती सुटी असताना वाऱ्यावर उडते आणि तिला कोणी विचारत नाही, मात्र लेबले काढून वेगळी दाबली की तिला गिऱ्हाईक मिळते.

प्रतिसाद 2 (असहमत)
माझा आक्षेप याच्याही आधीचा आहे. लगदा होताना कागदाचे तंतू दर खेपेस आखूड होत जातात, म्हणून पुनर्चक्रीकरणापेक्षा पुनर्वापर केव्हाही सरस. एकदा यंत्रात पैसा गुंतला की पुरवठादाराकडे परत जाणाऱ्या क्रेटची मागणी करण्याची निकड खरेदी विभागाला वाटेनाशी होते, आणि माझ्या दृष्टीने हेच सर्वांत मोठे नुकसान आहे.

मूळ लेखक
जवळच्या पुरवठादारांपुरते हे मी मान्य करतो. लांबच्या पुरवठादाराकडे रिकामे क्रेट धाडणे म्हणजे पुन्हा हवाच वाहून नेणे. घडीचे क्रेट मिळेपर्यंत तो पुठ्ठा दाबावाच लागेल.

प्रतिसाद 1
मग दाबण्यापूर्वी प्रत्येक पाळीत एका माणसाकडे पिंजरे तपासण्याचे काम नावानिशी सोपवा, आणि दार उघडताच दाबपट्टी थांबवणारा इंटरलॉक वेग वाढवण्यासाठी कोणालाही निकामी करू देऊ नका. एवढे होणार असेल, तर माझा विरोध मी मागे घेतो.